पहिल्या धड्यावर थांबलेले सर

तुमच्या गल्लीत चोरी झाली तर तुम्ही आधी कुणाला शोधता, चोराला की चोरासारख्या दिसणाऱ्या माणसाला? आमच्या समोर राहणारे सर दुसऱ्याला शोधतात. गुन्हेगारीचा इतका अभ्यास केलेला आणि एकाही गुन्हेगाराशी साधी ओळख नसलेला माणूस सबंध अमरावती जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

सर कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. माणूस गुन्हा का करतो, हा त्यांचा लाडका विषय. त्यातला पहिला धडा असा, की गुन्हेगार जन्मालाच तसा येतो आणि जबडा, कपाळ, कान यांवरून तो ओळखता येतो. सर फळ्यावर एक चेहरा काढायला घेत आणि परीक्षा आली तरी भुवयांवरच असत. गरिबी, संगत, समाजानं मारलेला शिक्का हे पुढचे धडे "घरी वाचा" या दोन शब्दांत उरकत. घरी कोण वाचतं? निवृत्त झाल्यावर फळा गेला, पण जबडे शिल्लक होते. सर दूधवाल्याचा जबडा न्याहाळत, भाजीवालीशी वांग्यांच्या भावावर बोलता बोलता तिच्या कपाळाचा अंदाज घेत. माझ्या बहिणीला पाहायला अकोल्याची मंडळी आली, तेव्हा सरांनी नवऱ्या मुलाला उजेडात बसवलं आणि माझ्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे. विचार करा." लग्न झालं. पण आमचे भाऊजी अमरावतीला आले की आजही दिवाळीतसुद्धा कानाला दुपट्टा बांधून बसतात.

इथवर ठीक होतं, हसून सोडता आलं असतं. पण सरांच्या शास्त्रात एक सोय होती. चोर पत्र्याच्या घरातला असला की त्याच्या रक्तात दोष निघायचा, आणि स्लॅबच्या घरातला असला की परिस्थितीत. शेजारच्या बँकवाल्या साहेबांनी लोकांच्या ठेवी गिळल्या तेव्हा सर म्हणाले, "ताण हो, दुसरं काय!" कॉलनीतल्या एका मुलानं दारू पिऊन गाडी माणसावर घातली, तर ते "वयच तसं." निवडणुकीत चौकात उमेदवारांचे फ्लेक्स लागले. मी सरांना हात धरून तिथं नेलं आणि म्हटलं, "करा आता जबड्यांचा अभ्यास." सरांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "फोटोत नीट कळत नाही रे."

मग आमच्या अपार्टमेंटची पाण्याची मोटर जागेवरून गायब झाली. आमचा चौकीदार दिलीप फासेपारधी, नांदगाव खंडेश्वरकडच्या बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतला. इंग्रजांनी या लोकांवर कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. कायदा गेला, शिक्का गेला नाही. अपार्टमेंटच्या सभेत चेअरमननी सरांचं मत विचारलं. सरांना श्रोते मिळाले! जबडा झाला, रक्त झालं, आनुवंशिकता झाली. त्यांनी दिलीपचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी वळून त्याच्याचकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी त्याला उचललं.

मी सरांच्या दारात जाऊन ओरडलो, "चला! तुमचा सिद्धान्त ठाण्यात मार खाऊन राहिला आहे." सर खरंच घाबरले. तसेच चपला घालून निघाले.

ठाण्यात जमादार उठून उभा राहिला, सरांच्या पाया पडला. जुना विद्यार्थी. "सर, तुमी? बसा, बसा. अरे, सरायले चाय आना!"

"दिलीपला सोड," सर म्हणाले. "पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

"पुरावा?" जमादार हसला. "सर, मजाक करून राह्यले का? तुमीच त शिकवलं आमाले. रक्तातच रायते. जबडा पाहा ना त्याचा."

"अरे, तो सिद्धान्त विद्वानांनी कधीच मोडीत काढला! दुसऱ्याच धड्यात आहे ते."

"मंग कावून नाही सांगतलं आमाले?"

सरांनी चहाचा कप बाजूला सारला. "तास संपायचा रे," ते म्हणाले.

दुपारी मोटर सापडली. चेअरमनच्याच मेहुण्यानं ती दुरुस्तीला नेली होती आणि सांगायला विसरला होता. विसरण्यावर कुणी सिद्धान्त मांडला नाही. दिलीप पाठ धरून बाहेर आला. अपार्टमेंटनं त्याची माफी मागितली नाही, उलट कामावरून काढलं. कारण काय, तर "आता पोलिसात नाव झालं ना त्याचं."

अमरावतीत कुणी ठेवीना, म्हणून दिलीप अकोल्यात काम शोधू लागला, आणि सर हट्टानं त्याच्यासोबत जाऊ लागले. एकदा मीही गेलो. एका डाळमिलवाल्यानं दिलीपला पाहिलं, पसंत केलं आणि सरांना सहज विचारलं, "मानूस कसा हाय, गुरुजी?" झालं! सर म्हणाले, "याच्या जमातीला एके काळी गुन्हेगार ठरवलं होतं. ते शास्त्रीयदृष्ट्या साफ चूक आहे. कसं, ते समजायला आधी आपल्याला..." मिलवाल्यानं हात जोडले. "राहू द्या. आमाले बिनाशास्त्राचा मानूस पायजे."

बाहेर आल्यावर दिलीप शांतपणे म्हणाला, "सर, पुढच्या खेपेले तुमी रस्त्यावरच थांबजा."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. मी त्यांच्यावर चिडायची तयारी करून बसलो होतो, पण चिडता येईना. शेवटी तेच म्हणाले, "माझ्या हाताखालून किती पोरं गेली रे. कोण कोण कुठल्या खुर्चीवर बसलं असेल आता?"

म्हणून तुम्हाला सांगतो. अकोल्यात तुमची मिल असेल, गोदाम असेल, नुसतं एक फाटक असेल आणि राखायला माणूस हवा असेल, तर दिलीप येईल. रस्त्यापलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे दिसतील. त्यांना सावलीत बसवा, पाणी द्या, पण काही विचारू नका. आणि दिलीपला एवढंच विचारा, "उद्यापासून येतोस का?"