ऑपरेशननंतर आईला चालवताना

आई कोथरूडच्या एका मेसमध्ये पोळ्या करते. दिवसभर ओट्यापाशी उभी. तिच्या डाव्या पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा मला लहानपणापासून माहीत होत्या, पण त्या मांडीपर्यंत गेल्या आहेत हे मी यंदा सोनोग्राफीच्या वेळी पहिल्यांदा पाहिलं. घोट्याजवळची कातडी काळी पडली होती आणि तिथली छोटी जखम भरतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, शिरेतल्या झडपा निकामी झाल्यात, रक्त वर जाण्याऐवजी खाली साचतंय. ती शीर लेझरने आतून जाळून बंद करू.

आईने एकच विचारलं, "मंग उभं राहता येईन ना मले?"

तिला बाकी कशाची काळजी नव्हती. ओट्यापाशी उभं राहता आलं नाही, तर ती काय करणार होती?

आम्ही विदर्भातून इथे आलेलो. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून दवाखान्यात बोलायचं काम माझ्याकडे. खरं तर मला ते जमत नाही. मी प्रश्न मनातल्या मनात जुळवेपर्यंत डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलावतात. त्या दिवशी आईने कोपराने ढोसलं. "विचार ना. शीर जाळली तं रक्त कुठून जाईन?"

मी विचारलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुण्यात एक रस्ता खणला की तुम्ही काय करता? घरी बसता?"

"नाही. दुसऱ्या रस्त्याने जातो."

"रक्तही तेच करतं. आत मोठ्या शिरा आहेत, तिथून जाईल. आणि हॉर्न न वाजवता जाईल."

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी आईला आधी उभं केलं आणि पेनाने पायावर शिरांचा नकाशा काढला. तेवढ्याचीच तिला फार लाज वाटली. मग फक्त पाय बधिर केला. आत ती जागीच होती. बाहेर बाबा आणि मी स्ट्रेचरची वाट बघत होतो, तर दार उघडलं आणि आई चालत आली. जरा लंगडत, पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा. बाबा बघतच राहिले.

नर्सने मला सगळं नीट सांगितलं. मोजा चढवताना पावलावर आधी प्लास्टिकची पिशवी घालायची, म्हणजे तो सरकतो, आणि मग मोज्याच्या बोटांकडच्या उघड्या टोकातून पिशवी ओढून काढायची. निळे डाग पडतील, शीर दोरीसारखी कडक लागेल, घाबरायचं नाही. पोटरी एकदम सुजली किंवा दम लागला तर मात्र लगेच यायचं. आणि थोड्या थोड्या वेळाने चालवायचं. पडून राहिलं तर रक्ताची गुठळी होऊ शकते.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक भेटायला येऊ लागले. दारात चपला वाजल्या की आई चटकन कॉटवर आडवी व्हायची आणि चादर ओढून घ्यायची.

"आई, चालायचंय ना?"

"अगं, त्या शेजारच्या मावशी मंडईतून डाळिंबं घेऊन आल्या. मी घरात फिरताना दिसली तं त्याइले काय वाटन?"

भेटायला आलेल्याला पेशंट पडलेलाच दिसला पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. बाबाही तिच्याच बाजूने. "पडून राह्य. ऑपरेशन झालं आहे, गंमत नाही." एकजण उठला की दुसरा यायचा. दुपार झाली तरी आई एकदाही चालली नव्हती. शेजारच्या मावशी अजून खुर्चीतच बसून, त्यांची जाऊ ऑपरेशननंतर कशी महिनाभर पलंगावरून हलली नव्हती ते सांगत होत्या. आई मान डोलवत होती. मला नर्सचं ते गुठळीचं वाक्य सारखं आठवत होतं.

शेवटी कसंबसं म्हणाले, "मावशी, आईला चालवायला सांगितलंय. तुम्ही येता का तिच्याबरोबर, पॅसेजमध्ये?"



"मी भेटायला आलेय का कवायतीला?" मावशी म्हणाल्या. मग उठल्या आणि आईचा दंड धरला. "चला हो वहिनी. नाहीतर ही पोरगी डाळिंबं परत न्यायला लावेल मला."

दोघी पॅसेजच्या टोकापर्यंत गेल्या आणि बोलत बोलत परत आल्या. मागून बाबा, "हळू, हळू." त्यानंतर जो कोणी आला त्याला मी चहाआधी पॅसेज दाखवला. भेटायला आलेले लोक चालत चालत भेटले, आणि कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पुढच्या तपासणीत सोनोग्राफी चांगली आली. जखमही सुकत होती. कामाचं मीच विचारलं, या वेळी आईने न ढोसता.

"करू दे काम," डॉक्टर म्हणाले, "मोजा घालून. मधूनमधून बसायचं, टाचा वरखाली करायच्या. एका जागी पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही. शहरात पुतळे पुष्कळ आहेत."

आई मेसमध्ये परत गेली त्या दिवशी माझं लेक्चरमध्ये लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी दारातच विचारलं, "पाय दुखतोय?"

"भूक लागली," ती म्हणाली आणि भाताचं भांडं उघडून बघू लागली.