आठशे बारा ग्रॅम

माझे काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खोड गेली नाही. डॉक्टरांच्या वजनकाट्यावर चढण्याआधी ते काटा शून्यावर आहे का ते वाकून बघतात. गल्लीत त्यांना 'शिक्का' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, एवढंच.

काकूने एका घारीचं पालकत्व घेतलं, तेव्हाच ते म्हणाले होते, "पक्षी त्यांचा, पिंजरा त्यांचा, खर्च आपला. कुठेतरी पाणी मुरतंय."

काकू खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. घारीचाही एक पंख कायमचा निकामी, म्हणून ती शिकारी पक्ष्यांच्या शुश्रूषा केंद्रात. दर महिन्याला केंद्राचं पत्र यायचं: घारीने काय खाल्लं, वजन किती भरलं. काकू ते उशाखाली ठेवायची आणि उत्तरात लिहायची, 'चालायला लागले की आधी तुझ्याकडे येईन.' एरवी वॉकर बघूनच ती रडायची. पत्र आलं की मात्र चार पावलं टाकायची.

एक दिवस काकांनी मला स्वयंपाकघरात बोलावून तीन पत्रं पुढे धरली. "वाच. आठशे बारा, आठशे बारा, आठशे बारा. जिवंत जीव तीन महिने एका ग्रॅमवर थांबतो होय? थांबतो तो दगड."

मला संतापच आला. बाई जरा हसायला लागली, तर यांना दगड दिसतात! पण तो आकडा माझ्याही डोक्यातून जाईना. शेवटी मीच स्कूटर काढली आणि काकांना मागे बसवलं. निघताना काकू म्हणाली, "अहो, या महिन्याचं वजन तेवढं विचारून या."

केंद्रात जाळीच्या खोल्यांची रांग होती. कच्च्या मांसाचा वास येत होता. पक्षी सांभाळणाऱ्या बाई कातडी हातमोजा घालूनच पुढे आल्या. कुणाकडून आलो ते मीच सांगितलं; काकांनी नमस्कारसुद्धा केला नाही. पिशवीतून पितळी वजनांची पेटी काढली आणि त्यांच्या काट्यावर एकेक वजन मांडलं. पाचशे, दोनशे, शंभर, दहा, दोन. काट्याने आठशे बारा दाखवले.

"काटा बरोबर आहे," काका जरा हिरमुसून म्हणाले. "आता घार आणा."

बाईंनी हातमोजा काढला. "ती तीन महिन्यांपूर्वी गेली, काका."

"मग ही पत्रं?"

"मीच लिहिते. ती गेल्याचं कळवायला बसले, त्याच दिवशी काकूंचं पत्र आलं, 'आज चार पावलं चालले.' मग नाही लिहवलं. आणि वजन मनाने लिहायला हात धजेना, म्हणून शेवटचं होतं तेच लिहीत गेले."

"आणि आमचे पैसे?"

"त्या घुबडाच्या खाण्याला." त्यांनी शेजारच्या जाळीकडे बोट दाखवलं.

आता बाईंची धडगत नाही, असं मला वाटलं. दहा ग्रॅमसाठी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला सील ठोकणारा हा माणूस. पण काका घुबडाच्या जाळीसमोर स्टूल ओढून बसले. मग त्यांनी कागद मागितला आणि आकडे लिहिले: ८१९, ८०६, ८२३.

"खोटं माप पकडलं जातं ते एकसारखं असतं म्हणून," ते म्हणाले. "लिहायचंच तर असं लिहा."

"आणि काकू चालत इथे आली तर?" मी विचारलं.

"येऊ दे तर खरी," काका म्हणाले आणि वजनं पेटीत भरायला लागले.

घरी काकू उशीला टेकून वाटच बघत होती. "किती भरली?"

काका चष्मा पुसत राहिले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला अर्धा ग्रॅम सोडला नव्हता.

"आठशे एकोणीस."

"बघा, सात ग्रॅम वाढली!" काकूने वॉकर ओढला. चार पावलं झाली, पाच झाली, ती थेट खोलीच्या दारापर्यंत गेली. चौकट धरून तिने धाप टाकली. "पुढच्या महिन्यात मी येणार हं तिकडे."

"ये," काका म्हणाले. ते तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभे होते, आणि माझ्याकडे काही केल्या बघत नव्हते.