जावेच्या काठावरचा वाळा

माझ्या धाकट्या जावेचं आणि माझं शेत एकाच ओढ्याला लागून आहे. अर्धापूरकडच्या बहुतेक गावांसारखी आमच्याकडेही केळी. वाटण्या झाल्यापासून तिचं शेत वरच्या अंगाला, माझं खालच्या. तिच्याकडे फवारणी झाली की तिचा गडी पंप ओढ्यातच धुवायचा. तेच पाणी माझ्याकडे यायचं. असंच पाणी पिऊन माझी एक गाभण कालवड मेली. त्या दिवसापासून मी काठाजवळ तणनाशक मारणं बंद केलं, युरिया निम्म्यावर आणला, काठाचं गवत राखलं. जावेला किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "आक्का, वाहतं पाणी हाय, जाईल की वाहून."

मग एका मोठ्या कंपनीचे लोक गावात आले. ओढ्याचं आणि विहिरींचं पाणी जे शेतकरी चांगलं ठेवतील, त्यांना कंपनी दरवर्षी पैसे देणार होती. काठाने पट्टा सोडायचा, त्यात वाळ्याचं गवत लावायचं, म्हणजे शेतातलं खत आणि औषध वाहून ओढ्यात जाणार नाही. मला वाटलं, हे तर मी करूनच राहिले. कुणी सांगायच्या आधीपासून.

कंपनीची मॅडम आमच्या दोघींच्या विहिरींवर आली. पोरगेलीच होती, पण कामाची. तिने कागदाची एक पट्टी पाण्यात बुडवली. पाण्यात खत जितकं जास्त, तितकी पट्टी गुलाबी होते, असं तिने सांगितलं. जावेच्या विहिरीत पट्टी गडद झाली. माझ्या विहिरीत जेमतेम रंग धरला. मी चहा ठेवायला शेतातल्या खोपीकडे वळले तेवढ्यात ती म्हणाली, "काकू, तुमचं पाणी चांगलंच आहे. तुमच्याकडे आम्हाला बदल काय दाखवता येणार?"

यादीत जावेचं नाव लागलं. माझं नाही.

तिच्या काठावर पाटी लागली, पाटीवर तिचा फोटो. शेतात जायची माझी वाट तिथूनच. फोटोत ती हसत होती. मी घरी येऊन मालकांवर राग काढायची, भाजी खारट करायची, पण तिच्याशी गोड बोलायची. त्यातून आणखी चिडायची.

लातूरला कंपनीने कार्यक्रम ठेवला. गावातल्या बाया गाडी करून निघाल्या, मीही गेले. गेले नसते तर लोकांनी माझं जळणं ओळखलं असतं. स्टेजवर जावेला शाल घातली. तिने माईक धरून सांगितलं, ओढा ही आपली आई आहे, त्यात पंप धुवू नये. माझंच वाक्य होतं ते. दहा वर्षं मी तिला तेच सांगत होते. माझं नाव निघेल म्हणून मी पदर सारखा करून बसले होते. नाव निघालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

दोन दिवसांनी बाजार होता. दुपारी शिवारात कुणी नव्हतं. मी म्हैस सोडली आणि तिच्या पट्ट्यात घातली. वाळ्याची रोपं नवीच लावलेली होती. म्हशीने काही खाल्ली, बाकीची तुडवली, मुळासकट उपटली. मी बांधावर उभी राहून बघत होते. आधी बरं वाटलं. मग घाईने म्हैस बाहेर काढली, शेणाचा पो पडला होता त्यावर पायाने माती लोटली आणि घरी आले.

त्याच आठवड्यात मॅडम पाहणीला आली. पट्टा बघून तिचं तोंड उतरलं. जावेने मला हाक मारून बोलावलं होतं, मी बाजूला उभी होते.

"हे कसं झालं?" मॅडमने विचारलं.

"रोही आले होते," जाऊ म्हणाली. "कळपच आला. परत लावते मी."

मॅडमने 'नीलगायी' असं लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन गेली. गाडी रस्त्याला लागली. मग जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोही लेंड्या टाकतंय, आक्का. पो न्हाई टाकत."

मी वाकून एक तुडवलेलं रोप उचललं.

"उद्या सकाळी या. रोपं लई हायत, मला एकटीला उरकायची न्हाईत."

मी गेले. ती खड्डे करायची, मी रोपं लावायची. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "लातूरला माझं नाव का घेतलं न्हाईस?"

ती उकिडवी बसली होती, तशीच मागे वळली. "मी सांगितलेलं त्यांनी लिहून दिलं होतं. आठ दिवस पाठ करून राहिले होते. मधी एक शब्द घातला असता तर पुढचं समदं विसरले असते." मग म्हणाली, "एवढ्यासाठी म्हैस घातली व्हय?"

मी हो म्हटलं. माफी मात्र मागता आली नाही. दुपारपर्यंत रोपं लावत राहिले.

वाळा जगला. तिचे पैसे चालू राहिले. परवा तिला उदगीरकडच्या एका गावात बोलायला बोलावलं होतं. सोबत म्हणून ती मला घेऊन गेली. मी मागे बसले. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "तुम्हाला बी मिळतंय का?"

"न्हाई. मी पहिल्यापासूनच करते."

"मग तुम्ही का बोलत न्हाई?"

"मला कुणी विचारलं न्हाई," मी म्हटलं. समोर जाऊ आता कागदाशिवाय बोलत होती. चांगलं बोलत होती, आणि तेच मला खुपत होतं.