खातूनबी विम्यात बसतात का?

शनिवारची सकाळ. पोह्यांतले शेंगदाणे शेवटी खायला म्हणून वेचून बशीच्या कडेला लावायची आमच्या यजमानांना, म्हणजे धर्मेंद्रना, सवय आहे, आणि ते परत पोह्यांत लोटायची मला. हे आमचं चाललं होतं तेवढ्यात दाराची कडी वाजली.

बेल असताना कडी वाजवणारं माणूस आमच्याकडे एकच. खातूनबी. "बेल का सांगते वैनी? कोनी तरी आलं, एवढंच. कडी वाजवली का कोन आलं थे बी समजते," असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, त्या दिवशीच्या कडीवरून एवढंही समजलं की बाई रागावून आल्या आहेत.

"सेक्रेटरी हायेत घरी?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं. धर्मेंद्र बशी घेऊनच उभे राहिले.

"भाऊ, मले एक सांगा. मी तलावावर येऊ नोको, हे कोनं ठरवलं?"

धर्मेंद्रनी बशीकडे पाहिलं. मी चहाचं आधण वाढवलं.

आमच्या अमरावतीत दर रविवारी गळ घेऊन वलगावच्या पुढच्या तलावावर जाणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून धर्मेंद्र त्याचे सेक्रेटरी. खातूनबींचे मालक इनायतुल्लाभाई सगळ्यात जुने मेंबर. त्यांचं सोफ्याच्या गाद्या भरायचं दुकान आहे, आणि दुकानावरच घर.

खातूनबी मूळ हिवरखेडच्या. मोकळ्या शेतातून उठून त्या लग्नानंतर या दुकानावरच्या घरात आल्या. सासू, चार लेकरं आणि पायऱ्यांवर कायम उडणारा काथ्या. घरात पडद्यापासून पिशवीपर्यंत सगळं सोफ्याच्या उरलेल्या कापडाचं. मुलीच्या शाळेचं दप्तरसुद्धा मरून मखमलीचं होतं. "अख्ख्या शाळेत असं दप्तर कोनाचंच नाई," असं त्या पोरीला समजावत. पोरगी रडायचीच.

कित्येक वर्षांपूर्वी एका रविवारी इनायतभाई डबा विसरून गेले. खातूनबी ऑटोनं डबा घेऊन तलावावर पोचल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. समोर पाणी, वर आभाळ, आणि कोणी काही मागत नाही. तेवढ्यात त्यांचं लक्ष नवऱ्याच्या गळाकडे गेलं. पिठाची गोळी पाण्यात पडल्या पडल्या विरघळत होती. "हे का मासे धरून राह्यले का मासे पोसून राह्यले?" असं म्हणून त्यांनी पीठ हातात घेतलं. पुढच्या रविवारी घरून कणकेत ढेप, म्हणजे पेंड, आणि बडीशेप कुटून आणली. तेव्हापासून मंडळाचा चारा खातूनबींचा.

चाऱ्याचा मान म्हणून रविवारचा पहिला मासा त्यांच्या हातात द्यायचा, हा मंडळाचा रिवाज. त्या तो मासा उलटापालटा करून पाहतात आणि पाण्यात सोडून देतात. "जाय बापा, सांग तुह्या लोकायले, आटा चांगला हाय."

घोटाळा झाला तो गेल्या हिवाळ्यात. मंडळाच्या गळ टाकायच्या स्पर्धेच्या दिवशी इनायतभाईंनी जोरात काठी मागे घेतली आणि मागे सतरंजीवर गोळ्या वळत बसलेल्या खातूनबींच्या तळहातात गळ घुसला. दवाखाना झाला, इंजेक्शन झालं. जखम भरली, पण गोष्ट तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेच्या कानावर गेली. त्यांनी सांगून टाकलं, मंडळाचा विमा दाखवा, मग बसा.

धर्मेंद्रनी अकोल्याच्या वर्षाली नावाच्या विमा एजंटला फोन केला. तिनं सांगितलं, ज्यांना विमा लागू नाही त्यांनी गळाच्या टप्प्यात बसू नये. हे इनायतभाईंनी घरी जाऊन आपल्या भाषेत सांगितलं. "कंपनीचा हुकूम हाय. आटा घरून देत जाय अन् तू आराम कर."

"आराम!" खातूनबींनी कप बशीवर ठेवला. "चाळीस वर्सांत याले माह्या आरामाची याद नाई आली. आता कंपनीनं याद देल्ली का?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात विम्याचे कागद घेऊन वर्षाली होती आणि तिला रस्ता दाखवत आलेले इनायतभाई.

"तू इथं काहून?" ते दचकले.

"आराम करून राह्यली," खातूनबी म्हणाल्या.

वर्षाली वयानं माझ्या मुलीएवढी. बसल्या बसल्या तिनं समजावून सांगितलं. मेंबरला काही झालं तर विमा. मेंबरच्या गळानं परक्या माणसाला किंवा त्याच्या वस्तूला काही झालं तरी विमा.

"परका म्हंजे कोन?" खातूनबींनी विचारलं.

"कोणीही चाची. रस्त्यानं जाणारा."

"अन् रस्त्यानं जानारी बकरी?"

"दुसऱ्याची असेल तर, हो."

"अन् मी?"

वर्षाली अडखळली. "तुम्ही मेंबरच्या घरच्या ना. घरचे लोक परक्यात धरत नाहीत."

"म्हंजे बकरीले गळ लागला तर भरपाई, अन् मले लागला तर आराम!"

धर्मेंद्रना ठसका लागला. इनायतभाई हसू दाबायला छताकडे पाहत होते, पण त्यांचं पोट हलत होतं. हसल्या नाहीत त्या खातूनबी. ओढणीचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या बाईचा आठवड्यातला एकच दिवस तिचा स्वतःचा आहे आणि तो आम्ही चहा पिता पिता काढून घेत होतो.

"मग यांना मेंबरच करा ना," मी म्हटलं.

"बाया मेंबर?" इनायतभाई म्हणाले. "मंडळात नाई ना तसं."

"कुठे ठरलं आहे तसं?"

इनायतभाईंनी धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रनी थोडा विचार केला. "ठरलं असं कुठंच नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलंच नव्हतं."

"होता येईल मेंबर," वर्षाली म्हणाली, "पण गळ टाकणारा मेंबर पाहिजे. नुसतं नावाला नाही चालणार. तुम्ही टाकता का गळ, चाची?"

इतक्या वर्षांत त्यांच्या हातात गळ कधी कोणी दिलाच नव्हता. गेला तेवढा एक, तळहातात.

"त्यात काय!" इनायतभाई आता मोकळे झाले. "माही जुनी काठी हाय ना माळ्यावर. टोक जरा तुटलं हाय, पट्टी मारून देतो. घेऊन बसजो माह्या बाजूनं. मामला खतम."

त्यांना वाटलं, बायको खूश होईल. वर्षालीनं पेन काढलं. धर्मेंद्रनी शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकला, म्हणजे त्यांच्या लेखी सभा संपली.

खातूनबी मात्र आपल्या पिशवीकडे पाहत होत्या. हिरव्या रेक्झिनची, कोणाच्या तरी सोफ्यातून उरलेली. मग त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, लाडीगोडी नव्हती. भाजीवाल्याला मेथी मागावी तसं त्या सरळ म्हणाल्या,

"काठी मले नवी पायजे. दुकानातून आनलेली."