बाकावर माणसं पाहिजेत

सासूबाईंना तो सिनेमा दाखवायची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे आणि कंपनीच्या बसच्या खिडकीतून जे दिसतं त्यावर त्याचा फार विश्वास. एका सकाळी शिफ्टवरून येताना त्याला पोस्टर दिसलं. पांढऱ्या कोटातला हसरा डॉक्टर, मागे चकाचक हॉस्पिटल. पोस्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर काय होतं ते बस वळल्यामुळे राहून गेलं. घरी आल्या आल्या म्हणाला, "आईला हा दाखवू. हॉस्पिटल आतून कसं असतं ते कळेल, भीती जाईल तिची."

भीती मोतीबिंदूच्या ऑपरेशनची होती. सासूबाई कुडपणला वर डोंगरावर एकट्या राहतात. चार कोंबड्या, नाचणीचं वावर, आणि आल्यागेल्याला हाक मारता येईल अशी ओटी, एवढ्यावर त्यांचा जीव. पण डोळ्यांवर पडदा आलेला. चूल चाचपडत पेटवायच्या, आणि मागच्या पावसाळ्यात बांधावरून घसरून पडल्या त्या शेजाऱ्यांना कण्हणं ऐकू आलं म्हणून सापडल्या. तेव्हापासून नवऱ्याने एकच धोशा लावला होता: ऑपरेशन तरी कर, नाहीतर घराला कुलूप लावतो आणि तुला बिरवाडीला आमच्या खोलीत घेऊन येतो. आमच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीत उघडते. दोन दिवस राहिल्या की सासूबाई मुक्या होतात. त्यांना इथे कायमचं आणलं तर त्या वर्षभरात खंगतील, हे मला दिसत होतं, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, "डोळा काढून शिंपल्यात ठेवत्यात म्हणं. परत नाय बसला तर?"

जिला दिसत नाही तिला सिनेमा दाखवून कसं पटवणार, हे नवऱ्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण थेटरात एसी असतो हेही आलं, म्हणून मी गप्प बसले. आमच्या घरमालकीणबाईही निघाल्या. त्या कुठेही निघतात.

सासूबाईंना चार दिवसांसाठी खाली आणलं. दुपारचा खेळ होता. पहिली दहा मिनिटं छान. एक तरुण मुलगी डोंगरावरच्या मोठ्या हॉस्पिटलात छोट्याशा ऑपरेशनला येते, डॉक्टर तिच्याशी फार गोड बोलतो. सासूबाई माझ्या कानाशी: "आता काय झाला गो?" मी सांगायची. मग दिवे गेले, तळघराचं दार करकरलं आणि चेहराच नसलेली एक नर्स हातात सुरी घेऊन आली. नवरा खुर्चीत इतका खाली सरकला की मला त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. घरमालकीणबाईंनी माझा दंड धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही.

"आता काय झाला?"

"आई, नर्स आली. औषध घेऊन."

पडद्यावर ती मुलगी जी किंचाळली, जी किंचाळली, की पुढच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागलं.

"एवढी वरडते कशाला?"

"औषध कडू आहे."

इथे मला हसू फुटलं. मला हसू फुटलं की ते आवरत नाही, हा माझा शाळेपासूनचा रोग. तोंडात पदराचा बोळा कोंबून मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्या पलीकडच्या बाईला वाटलं मी घाबरून रडतेय. तिने मला पाण्याची बाटली दिली. सबंध दुसऱ्या भागात त्या हॉस्पिटलात माणसं कापली जात होती आणि मी सासूबाईंना सांगत होते की आता ड्रेसिंग चाललंय, आता पाहुणे भेटायला आलेत, आता लाईट गेली म्हणून सगळे ओरडतायत.

पण कान त्यांचे शाबूत होते. बाहेर आल्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नवऱ्याने सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की जणू पोस्टर मी चिकटवलं होतं. घरी येऊन त्याने न सांगता कुडपणच्या घराचं कुलूप शोधायला सुरुवात केली. मला पहिल्यांदाच त्या सिनेमाची भीती वाटली.

तो सिनेमा त्या आठवड्यात सगळ्या एमआयडीसीने पाहिला असावा. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय नव्हता. मी औषधांच्या कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला आहे. आमच्या खात्यातल्या बायकांचं मत एकमुखी पडलं: सिनेमा अगदीच खोटा, कारण इंजेक्शनच्या एकाही बाटलीवर बॅच नंबर नाही आणि नर्सच्या बोटांना नेलपॉलिश. चेहरा नसल्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. "चेहरा नसला तरी चालेल," एक म्हणाली, "केसांवर टोपी नको का?" मागच्या सीटवर केमिकलवाले बसतात. त्यांचं म्हणणं, तळघरातल्या बरणीतून हिरवा धूर येतो आणि ही बया त्यात वाकून बघते. आपल्याकडे हिरवा धूर आला तर माणूस वारा कुठून वाहतोय ते बघून उलटा पळेल. मेंटेनन्सचे एक काका भलतेच तापले होते. "एवढं मोठं हॉस्पिटल आणि जनरेटर नाही? लाईट गेली म्हणून तर भूत आलं. जनरेटर चालू केला असता तर पहिल्या पंधरा मिनिटांत सिनेमा संपला असता." थर्ड शिफ्ट करून थेट थेटरात गेलेला एकजण म्हणाला, असा सिनेमा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. टायटल संपायच्या आत झोप लागली ती दिवे लागेपर्यंत.

हे सगळं मी संध्याकाळी घरी येऊन चहा टाकता टाकता सांगत होते, नुसती वातावरण हलकं करायला. घरमालकीणबाई दारात बसून शेंगा सोलत होत्या. सासूबाई भिंतीला टेकून. मी जनरेटरपर्यंत आले आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "त्येचा काय नाय. त्या पोरीसंगती कोण व्हता?"

"म्हणजे?"

"आपरेशनला आली ती कुणासंगती आली? तिची आय कुठं व्हती? डबा कोण देणार व्हता? मी सगळा येळ कान लावून बसलेले, कोण येतंय, कोण येतंय. कोणीच नाय आला. कागदावर सही बी तिची तिनंच केली!"

घरमालकीणबाईंच्या हातातली शेंग थांबली. "खरंच की हो. बाई एकटी कशी गेली ऑपरेशनला?"

"भाईर बाकावर चार माणसा बसलेली आसती तर त्या डाक्तराची काय टाप व्हती?" सासूबाई आता तावात आल्या होत्या. "एक आत जातो, एक चा आणतो, एक इचारतो, काय सायेब, किती येळ लागंल. असा केल्यावर भूत तरी काय करणार हाय?"

मी गाळणी हातात धरून उभी. कुडपणला कुणी दवाखान्यात निघालं की जीपभर माणसं निघतात. आजाऱ्याला मधे बसवून बाकीचे त्याच्या मांडीवर बसावे इतकी गर्दी. मी त्यावर किती वेळा हसले असेन. आणि इथे एका सबंध भयपटाचा निकाल दोन वाक्यांत लागला होता: दोष डॉक्टरचा नाही, नातेवाइकांचा.

नवरा कामावरून आला तेव्हा सासूबाईंनी त्याला समोर बसवलं. "मी आपरेशन करते. पन बाकावर माणसा पायजेत."

नवरा आनंदाने उठलाच. "हां, हां, आणू की. किती?"

"आपली."

त्याच्या मनात चार होती. सासूबाईंनी फोन लावायला सांगून कुडपणला चुलतसासऱ्यांना निरोप दिला, आणि ते आमच्या वाडीचे पुढारी आहेत. निरोप डोंगर चढेपर्यंत त्याचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. वर असं पोचलं की महाडात एक डाक्तर आहे, गोड बोलतो, त्याचं तळघर आहे, आणि वयनीला तिथंच नेतायत.

ऑपरेशनच्या सकाळी दोन जीपा आणि भाजीचा एक टेम्पो घाट उतरून, पोलादपूर ओलांडून महाडला डोळ्यांच्या दवाखान्यासमोर येऊन थांबले. भाकऱ्यांची गाठोडी, पाण्याच्या कळशा, एक तान्हं मूल. बाक दोनच होते. उरलेली माणसं जिन्यावर, जिन्याखाली, चपलांच्या फळीवर. स्वागताला बसलेल्या मुलीने आधी विचारलं की लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे.

डॉक्टर तरुण होते आणि दुर्दैवाने खरोखरच गोड बोलणारे. "काय आजी, घाबरायचं नाही हं," असं त्यांनी म्हटल्याबरोबर बाकावरून बाकाकडे एक कुजबुज गेली. चुलतसासरे पुढे झाले. भरघोस मिशा, करवंदी फेटा, काठी. "सायेब, तळघर हाय का?"

"आहे ना. पार्किंग आहे. का?"

का ते कुणी सांगितलं नाही. चौघे खाली जाऊन पाहून आले. डॉक्टरांची स्कूटर, सिमेंटची दोन पोती आणि एक झोपलेलं कुत्रं, एवढंच सापडलं. कुत्रं बघितल्यावर मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वाईट जागेत कुत्रं झोपत नाही म्हणे. तोवर मी डॉक्टरांना सिनेमाचं सांगून टाकलं होतं. ते भिंतीला हात टेकून हसले. म्हणाले, "मी पाहिला. मला आवडलाही होता हो. आज सकाळपर्यंत."

त्यांनी चुलतसासऱ्यांना दाराच्या काचेतून बघायची परवानगी दिली. झालं, धावतं वर्णन सुरू. "वयनी झोपली. तोंडावर हिरवा कापड घातला. दिवा लावला. डाक्तर बसला. दोनी हात दिसत्यात." प्रत्येक वाक्य जिन्यावरून खाली जायचं आणि खालून "मंग? मंग?" असं वर यायचं. "आता डोळ्यात काय तरी..." एवढं बोलून चुलतसासऱ्यांनी काठी सोडली आणि सावकाश, फेट्यासकट, माझ्या नवऱ्याच्या अंगावर पडले. नर्सने त्यांना पलंगावर घेतलं, पाय उंच केले, साखरपाणी पाजलं. सासूबाई पट्टी बांधून बाहेर आल्या तेव्हा हे आडवे पडून कण्हत होते. "आता ह्यांना काय झाला?" त्यांनी आवाजावरून विचारलं, आणि तो जिना, ते बाक, ती नर्स, सगळा दवाखाना असा हसला की आतून डॉक्टर धावत आले. मी तर फरशीवरच बसले.

निम्मी माणसं दुपारी परत गेली. निम्मी आमच्या खोलीत आणि घरमालकीणबाईंच्या पडवीत राहिली, कारण पट्टी काढेपर्यंत डॉक्टरचा भरवसा काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. त्या खोलीत हवा जायलाही जागा नव्हती. नवऱ्याने माझा हात धरला होता. डॉक्टरांनी बोटं समोर धरली. "आजी, किती?"

"दोन," सासूबाई म्हणाल्या. "आन नखा काढा सायेब."

डॉक्टर हसले आणि बाजूला झाले. सासूबाई एकेकाकडे बघायला लागल्या. कुणी तोंड उघडायच्या आधीच त्या ओळखत होत्या. चुलतसासऱ्यांना म्हणाल्या, "भावजी, मिशा पिकल्या की वो." जावेला म्हणाल्या, लुगडं छान हाय. मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. "किती सुकलास रे." तो म्हणाला, "कुलूप नाय लावत आई. वरच ऱ्हा तू."

मी कडेला उभी होते, हसतच. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. सासूबाईंची नजर फिरत माझ्यावर आली, थांबली, माझ्या चेहऱ्यावरून खालपर्यंत गेली आणि परत वर आली.

"ही कोण गो? दवाखान्यातली हाय?"

सगळे हसले. मग एकेक करून थांबले. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांच्या डोळ्यांवर पडदा होता. चार वर्षं जाता-येता त्यांच्या ताटात वाढलं, त्यांची वेणी घातली, अख्खा सिनेमा त्यांच्या कानात सांगितला, आणि त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. मला ते कळतंय असं मला वाटायचं, पण कळलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि हसू थांबत नव्हतं, दोन्ही एकदम, आणि बोलायला शब्द एकही नाही. बोलले असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

"आई," मी म्हटलं, "चहा घेणार?"

त्यांचा चेहरा कसा बदलला ते मला लिहिता यायचं नाही. त्यांनी हात पुढे केला, माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे, उजेडाला वळवलं. खूप वेळ बघत राहिल्या. मग बाकीच्यांकडे वळून जरा रागानेच म्हणाल्या, "हिच्या गालावर तीळ हाय. कुणी सांगितला नाय मला."