कुंकू लावलेले बोल्ट

"कशावरनं?" हा मेजरांचा शब्द. कोणी काही सांगितलं की मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून विचारायचे. चहात साखर घातली आहे म्हटलं तरी "कशावरनं?" आणि मगच घोट घ्यायचे.

लोणंदला भाईंच्या गॅरेजला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मेजर पलटणीतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. तिथं ते स्टोअर सांभाळायचे. समोरचा माणूस काहीतरी खिशात घालून चालला आहे, असं बघायची सवय तिथलीच असावी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुकानात ती काट्याकडे नाही, दुकानदाराच्या बोटांकडे बघतात.

माझ्यावरही त्यांचा संशय. त्यांच्या गाडीच्या सीटला नवा फोम घातला, तर म्हणाले, "आत जुनाच न्हाई, कशावरनं?" मला बोलायला जमत नाही. मी गपचूप शिवण उसवून दाखवली. त्यांनी बोट खुपसून बघितलं.

"शीव आता."

काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे वाकत नव्हते. औषधपाण्यासाठी साताऱ्याला सारखं जावं लागायचं. आणि त्या जुन्या गाडीचं काकूंच्या बाजूचं दार गंजून वीतभरच उघडायचं. मग त्या मेजरांच्या दारातून शिरायच्या आणि गिअरच्या दांड्यावरून पाय ओढत पलीकडे सरकायच्या. तेव्हा ओठ दाबून धरायच्या. मेजरांना ते बघवेना, म्हणून दार बदलायला आले.

भाईंनी भंगारातून एक निळं दार आणलं. गाडी पांढरी. मेजर दाराभोवती फिरले, बोटानं ठोकून बघितलं.

"ॲक्सिडेंटच्या गाडीचं न्हाई, कशावरनं? ह्यात कोन मेलं असंल तर?"

"आता दारालाच इचारा, मेजर," भाई म्हणाले.

माझ्या शेडात बसलेल्या काकू हसल्या. "आवं, बसायचं मला, आन भ्या तुमास्नी!"

जुन्या दाराचे बोल्ट बिजागरीत गंजून एकजीव झाले होते. भाई कटर लावायला निघाले, तर मेजर आडवे आले.

"कापायचं न्हाई. खोलायचं. कंपनीचे बोल्ट हायत, तू बदलशील."

"बदलून काय लोनचं घालू त्यांचं?"

मेजरांनी ऐकलं नाही. काकूंच्या पिशवीतल्या करंड्यातून कुंकू घेतलं, तेलात कालवलं आणि एकेका बोल्टच्या डोक्याला टिपका लावला.

"पूजा करताय व्हय?" भाईंनी विचारलं.

"खून हाय. वळकायला."

भाईंनी डिझेल सोडलं, मुरू दिलं, हातोडीनं ठोकलं. पाना लावून आधी थोडं आवळलं, मग सोडलं. करकरत एकेक बोल्ट निघाला. मेजरांनी तळहात पुढं केला. बोल्ट डिझेलनं थबथबलेले आणि डोक्यापासून टोकापर्यंत लाल. गंजही लाल, कुंकूही लाल. मेजर ते उन्हात धरून फिरवत राहिले.

"हे माजेच, कशावरनं?"

काकूंना हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आन माज्या कपाळावरचं कुंकू तुमच्याच नावाचं, कशावरनं?"

भाई पाना टाकून खाली बसले. मी मान खाली घालून हसले. मेजर मात्र कानापर्यंत लाल झाले होते.

संध्याकाळी काकू आपल्या दारातून, आपल्या आपण बसल्या. मेजरांनी दार हळूच लावलं. मग बाहेरून ओढून बघितलं, नीट लागलंय का ते. पुन्हा एकदा ओढून बघितलं.

त्यानंतर बरेच महिने गाडी दिसली नाही. काकू गेल्याचं आम्हाला बाजारात कळलं.

एका सकाळी गाडी येऊन थांबली. मेजर निळ्या दारातून उतरले, दांड्यावरून पाय ओढत. त्यांच्या बाजूचं दारही आता वीतभरच उघडत होतं.

"ह्ये दारबी काडा," म्हणाले. किल्ली दिली आणि गाडीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले.

भाईंनी कटर उचलला. मेजरांच्या पाठीकडे बघितलं आणि परत ठेवला. डिझेलचा डबा घेतला.

वेळ लागला. बोल्ट निघाले तसे भाईंनी ते पुसून मेजरांपुढं धरले. "मेजर, बगा. तुमचेच हायत."

मी मशीन थांबवली. आम्ही दोघंही तो एक शब्द ऐकायला थांबलो होतो.

मेजरांनी बोल्ट घेतले. न बघताच मूठ मिटली.

"असतील," ते म्हणाले.