दुसरे परीक्षक

दोन हजार सालानंतरच्या दशकात मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होते. आमच्या विभागात पन्नाशीचे एक गृहस्थ दर गुरुवारी शिकवायला यायचे. त्यांना स्वतःची खोली नव्हती. ते प्रिवाटडोत्सेंट होते, म्हणजे पीएचडीनंतर दुसरा मोठा प्रबंध लिहून प्राध्यापकपदाला पात्र ठरलेले, पण जागा न मिळालेले. ती उपाधी टिकवायला त्यांना एक विषय बिनपगारी शिकवावा लागे. पोटापाण्यासाठी ते यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायचे.

माझा प्रबंध जर्मनमध्ये होता आणि माझं जर्मन कच्चं. ते कँटीनमध्ये बसून माझं एकेक प्रकरण पेन्सिल घेऊन वाचायचे. एकदा कंपनांच्या गणितात त्यांना चूक सापडली. तीन महिने मी त्या चुकीवरच पुढचं सगळं रचत गेले होते. "बरं, पुन्हा मांडू या," एवढंच ते म्हणाले.

प्रबंध पूर्ण झाल्यावर गाइडनी विचारलं, "दुसरे परीक्षक म्हणून त्यांनाच घेऊ या ना? त्यांनाही बरं वाटेल."

आदल्याच रविवारी पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला होता. "प्रबंधावर सही करणारे दोघंही प्रोफेसर आहेत ना गं?" मी घाईने "हो बाबा" म्हणून बसले होते. पण खरं सांगायचं तर सासरे निमित्त होते. मलाच मोठं नाव हवं होतं.

"कोलोनच्या प्रोफेसरांना विचारलं तर?" मी म्हणाले.

"तुमची इच्छा," गाइड म्हणाले.

माझी प्रकरणं वाचणाऱ्या त्या गृहस्थांना मी काही सांगितलं नाही. पुढचे तीन गुरुवार कँटीनकडे फिरकलेच नाही. मग तोंडी परीक्षेची सूचना फलकावर लागली. मी तिथून जात होते, तर ते नेमके तीच वाचत उभे. मागे वळले.

"कोलोनचे? चांगली निवड आहे," ते म्हणाले. "ते कंपनांवर विचारतील. तिसऱ्या प्रकरणातली आकृती नीट बघून ठेवा." आणि तिथेच उभं राहून त्यांनी मला उत्तर कसं मांडायचं ते समजावलं. मला साधं "सॉरी" म्हणता आलं नाही.

परीक्षेत तोच प्रश्न आला. मी त्यांच्याच शब्दांत उत्तर दिलं, परीक्षकांनी माना डोलावल्या. ते गृहस्थ स्वतः शेवटच्या रांगेत बसले होते. छापलेल्या प्रबंधात मी कोलोनच्या प्रोफेसरांचे अर्धं पान आभार मानले. यांचं नाव सहकाऱ्यांच्या यादीत घातलं, सेक्रेटरीबाईंच्या खाली.

झिंडेलफिंगेनला नोकरीत रुळल्यावर, दोन वर्षांनी, मी त्यांना पत्र लिहून माफी मागितली. आठवड्याभरात उत्तर आलं. "तेव्हा मला वाईट वाटलं होतं. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. मी या सेमिस्टरपासून शिकवणं थांबवलं आहे, उपाधीही सोडली."

ते पत्र मी घरात कुणाला दाखवलं नाही. नवऱ्यालाही नाही.